वंशावळीत नसलेल्या बायका

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

बोलायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करूया. प्रत्येकीला एक कोरा कागद दिलेला आहे. त्यावर खाली स्वतःचं नाव लिहा. त्याच्या वर आईचं, तिच्या वर आईच्या आईचं. नाव माहेरचं लिहायचं, सासरचं नाही. आता आजीच्या आईचं लिहा.

बहुतेक जणी थांबल्यात. मीही इथेच थांबले होते. वडिलांकडचे पणजोबा, खापरपणजोबा विचारले असते, तर निदान दोन-तीन नावं आली असती. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण पहिलं नावही बदलायची पद्धत होती, अजून काही घरांत आहे. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याच्या आत राहिलं. पुढं माहेरची माणसं गेली, की ते नावही गेलं. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायची वंशावळ असो, जात पडताळणीचे कागद असोत, किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असोत, मुख्य रेघ बापाकडून मुलाकडे जाते. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेणं थांबलेलं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी हे सांगते आहे, कारण आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे तो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. शेतीत नाही, घरात नाही, पण या आजारात मुलीला भावाइतकाच वाटा मिळतो. आणि हा आजार समजून घ्यायचा, तर घराण्याचा जो नकाशा काढावा लागतो, तो बायकांची नावं गाळून काढताच येत नाही.

आजाराचं नाव हंटिंग्टन. मेंदूचा आनुवंशिक आजार. बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. हातापायांची मनाविरुद्ध हालचाल होते, चाल झोकांडी जाते, हातातून भांडं पडतं. सोबत स्वभाव बदलतो. चिडचिड, संशय, उदासी येते. विचारशक्ती हळूहळू कमी होते, पुढं बोलणं आणि गिळणंही अवघड होतं. हे सगळं पंधरा-वीस वर्षं चालतं. झटके आणि उदासी कमी करणारी औषधं आहेत, पण आजार बरा करणारं औषध आजही नाही.

याचं कारण चौथ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो, पाटीवर एकच अक्षर गिरवत बसावं तसा. आपल्या सगळ्यांच्यातच तो येतो. सव्वीसपर्यंत आला तर काही बिघडत नाही. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आला, तर माणूस पुरेसं आयुष्य जगल्यास आजार होतोच. आई किंवा बाप, कुणा एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. पहिल्या मुलाला मिळाला म्हणून दुसरा सुटला असं होत नाही. प्रत्येकासाठी नाणं नव्यानं उडतं. ज्याला दोष मिळालाच नाही, त्याच्या मुलांना तो मिळत नाही. गोत्र टाळून किंवा पत्रिका जुळवून यात काही फरक पडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुकड्यांची संख्या पुढच्या पिढीत वाढू शकते, आणि ती जास्त करून बापाकडून येताना वाढते. विशीच्या आत होणारा हा आजार बहुतेक वेळा बापाकडून आलेला असतो. ‘आईचं वाण’ म्हणून बायकांना नावं ठेवणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

आता नकाशा. डॉक्टर आणि समुपदेशक जगभर तो एकाच रीतीनं काढतात. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. आजारी असेल तर आतून काळं करायचं, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, मुलांसाठी खाली उभी. पडलेलं मूल, पोटात गेलेलं मूलही मांडायचं. निदान तीन पिढ्या हव्यात. एवढं साधं आहे. पण काळं कुणाला करायचं हे कळण्यासाठी जे प्रश्न विचारावे लागतात, त्यांची उत्तरं कपाटातल्या कागदांत नसतात. आजी कशानं गेली? शेवटी शेवटी तिला चालता येत होतं का? काका दारू खरंच पीत होता, की न पिताच झुलत होता? मावशीला माहेरी का आणून सोडलं होतं? ही उत्तरं घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माहीत असतात. त्यांनी त्या माणसांचं केलेलं असतं.

या आजाराचा इतिहासच असा आहे. जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरचा डॉक्टर. १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं या आजाराचं वर्णन छापलं. त्याचे वडील आणि आजोबाही त्याच भागात डॉक्टर होते. तिघांच्या मिळून कित्येक वर्षांच्या पाहणीतून आजार पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो हे त्याला दिसलं. लहानपणी वडिलांबरोबर जाताना त्याला रस्त्यात दोन आजारी बायका भेटल्या होत्या, एक आई आणि तिची मुलगी. ती आठवण त्यानं म्हातारपणी सांगितली. त्याच गावात १८०६ साली चाळिशीतली एक बाई, फीबी हेजेस, समुद्रात चालत गेली आणि परत आली नाही. तिची आई तेव्हा याच आजारानं ग्रासलेली होती, आणि फीबीलाही त्याची सुरुवात झाली होती. आपलं पुढं काय होणार, हे तिला रोज घरात दिसत होतं.

फीबीची गोष्ट शोधून लिहिली अ‍ॅलिस वेक्सलर या स्त्री-इतिहासकारानं. तिची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अ‍ॅलिसची आई लिओनोर. शिकलेली, प्राणिशास्त्राची पदवीधर. तिचे वडील हंटिंग्टननं वारले, पुढं तिन्ही भावांनाही तोच आजार निघाला. पण हा पुरुषांचा आजार आहे, बायकांना होत नाही, अशी तिची समजूत होती. ती गप्प राहिली. मुलींना काही सांगितलं नाही. आई नेहमी उदास का असते, हे मुलींना कळत नव्हतं. १९६८ साली एके दिवशी सकाळी लॉस एंजेलिसच्या रस्त्यात तिचा तोल जात होता, तेव्हा पोलीस तिच्यावर ओरडला की इतक्या सकाळी दारू पिताना लाज वाटत नाही का? ती प्यालेली नव्हती. त्यानंतर निदान झालं. १९७८ साली ती वारली. जिनं विज्ञान शिकलं होतं, तिलासुद्धा आपल्या घराच्या नकाशात स्वतःचा गोल मांडता आला नाही, कारण तिच्या समजुतीप्रमाणे त्या नकाशात फक्त चौकोन काळे होत होते.

तिची धाकटी मुलगी नॅन्सी मानसशास्त्रज्ञ झाली. १९७२ साली एका परिषदेत व्हेनेझुएलाच्या डॉक्टरनं एक फिल्म दाखवली होती. तिथे माराकाइबो नावाच्या मोठ्या सरोवराकाठच्या कोळी वस्त्यांमध्ये हा आजार घराघरांत होता. अमेरिको नेग्रेते या तिथल्याच डॉक्टरनं १९५०च्या दशकात तो ओळखला होता. त्यालाही आधी ही माणसं दारू प्यालेली वाटली होती. नॅन्सी १९७९ साली प्रथम तिथे गेली आणि पुढची वीसहून जास्त वर्षं दरवर्षी जात राहिली. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी घरोघरी बसून नकाशा काढला. १८,००० हून जास्त माणसं, दहा पिढ्या. ४,००० हून जास्त लोकांनी रक्त दिलं.

सुरुवातीला लोक तयार नव्हते. परदेशी गोऱ्या बाईला रक्त आणि कातडीचा तुकडा का द्यायचा? तेव्हा बरोबरच्या एका नर्सनं नॅन्सीचा हात धरून तिच्या दंडावरचा व्रण सगळ्यांना दाखवला. तिनंही कातडी दिली आहे, तिच्याही घरात हेच आहे, हे समजल्यावर लोक पुढं आले. त्या रक्तावरून १९८३ साली जनुकाची जागा कळली आणि १९९३ साली जनुक सापडलं. आज जगात कुठेही होणारी हंटिंग्टनची टेस्ट त्या गरीब कोळी कुटुंबांच्या रक्तावर उभी आहे. त्यांना स्वतःला काय मिळालं? १९९९ साली माराकाइबोत रुग्णांसाठी एक घर सुरू झालं, पुढं पैशांअभावी तेही बंद पडलं. नकाशा ज्यांच्या जिवावर झाला, त्यांच्यापर्यंत त्याचं फळ शेवटी पोचतं, कधी कधी पोचतही नाही.

त्या नकाशाच्या टोकाला एका बाईचं नाव आहे, मारिया कॉन्सेप्सिऑन. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पाण्यातल्या खांबांवरच्या वस्तीत राहणारी. ‘तिनं आजार आणला’ असं सहज म्हटलं जातं. पण विचार करा. तिलाही तो तिच्या आईकडून नाही तर बापाकडून आलेला असणार. त्यांच्याबद्दल कागदावर काही उरलं नाही, म्हणून रेघ तिच्यापाशी संपते. जिच्यापुढं नकाशा जात नाही, तिला आपण मूळ समजतो. दोष तिच्या पदरात जातो.

ज्याच्या हातात पेन्सिल असते, त्याच्या हेतूप्रमाणे नकाशा वापरला जातो, याची आणखी भयंकर उदाहरणं आहेत. १९१६ साली अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्टनं या आजाराचे ९६२ रुग्ण नोंदवणारा अभ्यास छापला. घरोघरी फिरून वंशावळी गोळा करण्याचं काम एलिझाबेथ मन्सी या बाई डॉक्टरनं केलं होतं. त्यातून डेव्हनपोर्टनं निष्कर्ष काढला, की अशा लोकांची नसबंदी करावी, परदेशातून येणाऱ्यांची घराणी तपासावीत. १९३२ साली पर्सी व्हेसी या डॉक्टरनं लिहिलं, की १७व्या शतकात चेटकिणी म्हणून छळलेल्या बायका याच घराण्यातल्या होत्या. ते पुढं चुकीचं ठरलं, पण बरीच वर्षं पुस्तकांत छापलं गेलं. आणि १९३३ साली हिटलरच्या जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा जो कायदा झाला, त्याच्या यादीत हंटिंग्टनचं नाव होतं. नाझींच्याही हातात वंशावळीच होत्या. गोल, चौकोन, काळं, पांढरं. तेव्हा नकाशा काढला की आपोआप भलंच होतं, असं मी म्हणणार नाही.

आता आपल्या घरात येऊ. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून थोडंच सांगते. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. चाळिशीच्या आत त्याची चाल बिघडली, मालकानं दारुड्या म्हणून काढून टाकलं. घरात मारहाण सुरू झाली, जी आधीच्या पंधरा वर्षांत कधी नव्हती. सासरचे म्हणाले, हिनंच काहीतरी खायला घातलं. देवऋषी झाला, गंडेदोरे झाले, अंगावरचं मंगळसूत्र विकलं गेलं. शेवटी एका डॉक्टरनं रक्ताची टेस्ट सांगितली आणि हंटिंग्टन निघाला.

आम्ही नकाशा काढायला बसलो. नवऱ्याचे वडील ठणठणीत, पंचाहत्तरीपर्यंत शेतात. चुलत्यांत कुणी नाही. मग सासूबाई? त्या कशा गेल्या? ‘विहिरीवर पाय घसरला.’ वय? ‘चाळीस-बेचाळीस.’ त्याआधी बऱ्या होत्या का? दीर गप्प बसले. सासूबाईंचं माहेर कुठलं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, माहेरचं नावही नाही. शेवटी एका मावससासूचा पत्ता लागला. त्या म्हाताऱ्या बाईंनी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. सासूबाईंचे वडीलही असेच झुलायचे. गावात त्यांना एक टोपणनाव होतं. पोरं मागं लागायची.

तेव्हा दीर म्हणाले, ‘म्हणजे आमच्या आईनंच आणलं हे घरात.’

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला कळलं की मी हातातला कागद तिथेच ठेवून उठले असते, तर सुनेच्या माथ्यावरचा दोष काढून मेलेल्या सासूच्या माथ्यावर ठेवल्यासारखं झालं असतं. मी त्यांना वरचा काळा चौकोन दाखवला. तुमच्या आईला तिच्या बापाकडून आलं, त्यांना कुणाकडून तरी आलं. तिनं काही आणलं नाही. तिनं तुम्हाला जन्म दिला, आणि तुम्हाला तो आजार असेलच असंही नाही. विहिरीवर तिचा पाय खरंच घसरला का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण ती एकटी होती आणि तिला काय होतंय हे कुणी विचारलं नाही, एवढं दिसतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दीर म्हणाले, ‘आईचं माहेरचं नाव काय होतं?’ मावशींनी सांगितलं. ते आम्ही गोलाखाली लिहिलं.

त्या बाईंची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. स्थळं येत होती. तिनं मला विचारलं, ‘मी टेस्ट करू का? आणि मुलाकडच्यांना सांगायचं का?’

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण काही गोष्टी मी तिला सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे जाणून घेण्याचा जितका हक्क आहे, तितकाच न जाणण्याचाही आहे. टेस्ट येण्याआधी परदेशात धोक्यातल्या लोकांना विचारलं, तर बरेचजण म्हणत होते, आली की करू. प्रत्यक्ष आली तेव्हा बहुतेकांनी केली नाही. नॅन्सी वेक्सलरनं आपल्याबद्दल कित्येक वर्षं काहीच जाहीर केलं नाही. २०२० साली तिनं सांगितलं की तिलाही हा आजार आहे. ज्या बाईनं जनुक शोधायला आयुष्य दिलं, तिलाही गप्प राहायचा अधिकार होता. मग आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला का नसावा?

दुसरं, टेस्ट सज्ञान माणसाच्या स्वतःच्या इच्छेनंच व्हायला हवी, आणि आधी व नंतर समुपदेशन हवं. लहान मुलांची, ‘पुढं लग्नाला अडचण नको’ म्हणून, करायची नाही. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत आणि मोठ्या शहरांत ही सोय आहे. आणखी एक अडचण ध्यानात घ्या. आजीला आजार होता, आईनं टेस्ट केलेली नाही, आणि नातीच्या टेस्टमध्ये दोष निघाला, तर आईचंही उत्तर तिला न विचारता लागलं. एका बाईचं रक्त तपासलं तरी उत्तर दोघींचं येतं. म्हणून घरात आधी बोलावं लागतं.

तिसरी गोष्ट लग्नाची. मुलाच्या घरात आजार असेल तर लपवतात, मुलीच्या घरात असेल तर शोधून काढतात, हा आपला अनुभव आहे. मन बिघडल्याचा शेरा मारून बायकोला माहेरी पाठवणं आणि त्याच कारणावर घटस्फोट मागणं हेही आपण पाहिलं आहे. म्हणून मी तिला म्हटलं, ज्याच्याबरोबर संसार करायचा, त्याला तू स्वतः सांग. मध्यस्थाला नाही, मांडवात नाही. आणि त्याच्या घरात काय आहे तेही विचार.

चौथं, मूल. गर्भजलपरीक्षेविरुद्ध आपण ८०च्या दशकात रस्त्यावर उतरलो, १९८८ साली महाराष्ट्रात आणि १९९४ साली देशात कायदा आला. त्या कायद्यानं गर्भलिंगनिदान बंद केलं, पण आनुवंशिक आजारासाठी गर्भतपासणीची वाट उघडी ठेवली. त्या वाटेनं जायचं की नाही, निम्म्या शक्यतेवर मूल होऊ द्यायचं की नाही, यातलं बरोबर काय हे मी सांगणार नाही. चाळीस वर्षं चांगलं जगून मग आजारी पडणाऱ्या आयुष्याची किंमत बाहेरून कुणी ठरवू नये. एवढंच म्हणेन, की निर्णय त्या बाईचा असावा. सासूचा नको, डॉक्टरचा नको, सरकारचा तर मुळीच नको.

आणि शेवटचं, करणारीचं. नकाशात काळ्या चौकोनाशेजारी जो पांढरा गोल असतो, तिच्याकडे कुणी बघत नाही. तिला आजार नाही. पण पंधरा-वीस वर्षं भरवणं, धुणं, उचलणं, शिव्या खाणं, वर मजुरी करून घर चालवणं तिच्याकडे आहे, आणि रोज मुलांच्या हाताकडे बघत राहणंही. आजारी माणसाला अपंगत्वाचा दाखला आणि सवलती मिळवून देणं, आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या बाईनं जाऊन बसणं, पोलिसात दारुड्या म्हणून नाव गेलं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बरोबर जाणं, हे आपल्या गटाला जमण्यासारखं आहे.

ती मुलगी आता नोकरी करते. टेस्ट केली की नाही, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

तुमच्या हातातले कागद घरी न्या. सगळ्यांच्या घरात असा आजार नसतो, हा मुळात फार थोड्या घरांत असतो. तरीही भरा. घरातली सगळ्यात म्हातारी बाई शोधा, तिच्याजवळ बसा. आजीचं माहेरचं नाव काय, गाव कुठलं, ती कशानं गेली, शेवटी तिचं कुणी केलं, हे विचारा. आणि तो कागद कुणाच्या हातात द्यायचा, हे तुम्ही ठरवा.